वाईट पानं आली तर

बाईंना आपलं काही चांगलं दाखवायला जायची सोय नव्हती. मी नवी मोटारसायकल घेतली तेव्हा मोठ्या हौसेनं पेढे घेऊन गेलो. पेढा तोंडात टाकून बाई म्हणाल्या, "पावसात चालू हुतीया का?" मी म्हटलं, "बाई, कालच घेतलीय, पाऊस कुठाय अजून?" तर म्हणे, "मग पेढं लवकर आणलास." दुसरा पेढा मात्र घेतला.

त्या आमच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि मी कॉम्प्युटर. शाळा बेळगावात, वडगावच्या विणकर वस्तीतली, मराठी माध्यमाची. खिडक्या उघड्या ठेवल्या की मागांचा खडखडाट वर्गात येतो आणि बंद केल्या की पोरं पेंगतात, म्हणून आम्ही सगळे मास्तर मोठ्यानं बोलायला शिकलो. बाईंना ते शिकावं लागलं नाही. त्या मूळच्या निपाणीच्या, आणि निपाणीच्या माणसाला हळू बोलता येतं हे मला अजून कुणी दाखवून दिलेलं नाही. वडलांची तंबाखूची वखार होती. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. शहापुरात एका खोलीत राहायच्या, शनिवारी संध्याकाळी कोल्हापूरची गाडी धरून निपाणीला उतरायच्या आणि सोमवारी पहिल्या तासाला हजर. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीचं सुती पातळ आणि त्याखाली पोरं पीटीला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. आता निवृत्त होऊन निपाणीलाच असतात. फोन केला की "कसा आहेस" विचारत नाहीत, "काय बिघडलंय" विचारतात.

ही सवय वखारीतली. "तंबाखूचं पोतं उघडलं की वरचं पान चांगलंच असतंय," त्या सांगायच्या. "दाखवायलाच ठेवलेलं असतंय ते. आमचे अण्णा कोपरापातूर हात घालायचे आणि मधलं पान ओढून काढायचे. मग भाव." बाईंनी हे जे धरलं ते धरलंच. नवी खानावळ निघाली की ऐन जेवणाच्या वेळी जायच्या नाहीत. दुपार टळल्यावर जायच्या आणि उरलंसुरलं कसं वाढतात ते बघायच्या. कडोलीच्या साहित्य संमेलनाला न चुकता जायच्या, कविसंमेलनात पहिल्या रांगेत बसायच्या. एका वर्षी आमच्या मराठीच्या सरांनी तिथं कविता म्हटली, टाळ्या पडल्या, सर घाम पुसत बाईंपाशी आले. बाई म्हणाल्या, "ही बरी हाय. आता तुमची वाईट कुठली ती ऐकवा." सर पुढं बरेच दिवस बाईंच्या टेबलावर चहा घेत नव्हते. पण बाईंचं म्हणणं सरळ होतं. एखादी चांगली कविता कुणाकडूनही होऊन जाते, माणूस कवी आहे का नाही हे त्याच्या पडलेल्या कवितेवरून कळतं.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगी शाळेत भेटायला आली. बाईंनी तिला माझ्यादेखत बाजूला घेतलं. "बाळ, ह्याच्यासंगं एकदा बसस्टँडवर गाडीची वाट बघ. गाडी लेट पायजे, ऊन पायजे, आणि ह्याच्या पोटात काय नसलं पायजे. मग काय ते हो म्हण." माझी बायको आज्ञाधारक, तिनं खरोखर तसं केलं. त्या दुपारबद्दल ती अजून घरात बोलते. मी बोलत नाही.

पण बाईंची खरी ओळख करून द्यायची तर कार्डांपासून सुरुवात करायला हवी.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे आपले बदाम-इस्पिक नव्हेत. चित्रांची छापील कार्डं असतात, पाकिटातून विकत मिळतात. पाकिटातून जी निघतील ती आणि मित्रांबरोबर अदलाबदल करून जी मिळतील ती, अशातून प्रत्येकानं आपापली साठ पानांची गड्डी बांधायची. तिला डेक म्हणतात. तुम्ही तुमचा डेक घेऊन बसायचं, समोरच्यानं त्याचा. सुरुवातीला सात पानं हातात, मग दर पाळीला एक नवं. काही पानं म्हणजे लढणारे राक्षस आणि जनावरं. काही पानं म्हणजे त्यांना लागणारी शक्ती. ती टेबलावर पडल्याशिवाय राक्षस केवढाही असो, हातात बसून राहतो. आणि काही पानं अशी, की ती लढत नाहीत, पण गड्डीतून दुसरी पानं काढून देतात. बाईंनी या तिघांना गडी, जळण आणि हरकामी अशी नावं दिली, आणि आमच्याकडची पोरं आजही तेच म्हणतात. टिळकवाडीत रविवारी स्पर्धा होतात, तिथं आमचं एखादं पोर "माझं जळणच येईना झालंय" म्हणून कपाळाला हात लावतं तेव्हा बाकीचे खेळाडू याच्या घरी गॅस नाही की काय अशा नजरेनं बघतात.

बाई हा खेळ शिकल्या त्या जप्तीतून. नववीत संभाव्यता शिकवत असताना मागच्या बाकावर एकाचा डेक सापडला. बाईंनी तो उचलून पिशवीत टाकला आणि फळ्याकडं वळल्या. पोराला वाटलं, आता हेडसर, मग वडील, मग मार. दुसऱ्या दिवशी बाईंनी भर वर्गात तो परत केला आणि म्हणाल्या, "गडी लई भरलेत, जळण न्हाय. पाच डाव मांडून बघितले, तीन वेळा चूल पेटली न्हाय. नीट करून आण." वर्ग गार. पुढच्या आठवड्यापासून पोरं मुद्दाम डेक घेऊन पकडली जायला लागली, कारण एवढी चोख तपासणी बेळगावात दुसरीकडं कुठं होत नव्हती.

आता माझ्याबद्दल. त्या वेळी शहापूर-वडगावपासून टिळकवाडीपर्यंत माझ्याइतका भारी डेक कुणाकडं नव्हता. हे मी गर्वानं सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. बेंगळूरहून मागवलेली पानं होती. त्यातलं एक सोनेरी पंखांचा सर्प, टेबलावर उतरला की समोरच्यानं हात जोडायचे. बाई पोरांचे डेक तपासतात म्हटल्यावर मी मधल्या सुट्टीत माझा घेऊन गेलो. खरं म्हणजे तपासून घ्यायला नव्हे, डोळे दिपवायला. सर्पाचं पान काढून त्यांच्या डब्याशेजारी ठेवलं आणि त्याचे गुण सांगायला सुरुवात केली.

"साकु," बाई म्हणाल्या. कानडीत पुरे. बाईंना कंटाळा आला की त्या कानडीत जायच्या. "हे ठेव आत. वाईट पानं आली तर काय करतोस ते दाखव."

"म्हणजे?"

"पीस आणि सात काढ. चांगली आली तर परत पीस. वाईट येस्तोवर काढ."

मी काढत गेलो. चांगली आली की बाई बघायच्याही नाहीत, चटणीभाकरी चालू. एकदाची वाईट आली: चार मोठे गडी, जळणाचं एकच पान. बाईंनी डबा बाजूला सरकवला, हात पुसले आणि पहिल्यांदा नीट बघितलं.

"हं. आता खेळ."

"बाई, अशी पानं नेहमी येत नाहीत."

"नेहमी येत न्हाईत. फायनलीत येतात," बाई म्हणाल्या.

खोटं वाटेल, पण त्या मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्या डेकचं जे केलं ते पुढं रविवारी टिळकवाडीत जसंच्या तसं झालं. उपांत्य सामन्यात सर्प हातात आणि जळणाचा पत्ता नाही. समोर कॉलेजातला एक पोरगा, त्याच्याकडं सगळी मामुली पानं, तो आपला एकेक गडी उतरवत गेला आणि मी सोनेरी सर्प हातात धरून बघत बसलो. हरून परत आलो तेव्हा वाटलं होतं बाई टोमणा मारणार. बाईंनी टोमणा मारला नाही. "आता डेक आण," एवढंच म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो. कॉम्प्युटरचा मास्तर, दाढीमिशा आलेला, शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत सात-सात पानं काढत बसायचो.

त्यांची रीत अशी. डेकमध्ये दोन गोष्टी बघायच्या, जोर आणि भरवसा. जोर म्हणजे सगळं मनासारखं जमलं तर डेक काय करतो. भरवसा म्हणजे ते जमतं कितीदा, आणि नाही जमलं तर डेक उभा राहतो का आडवा होतो. "जोर कुणालाबी दिसतोय रं, त्याला काय अक्कल लागत न्हाय. भरवसा बघायला बूड टेकून बसावं लागतंय." म्हणून एखादं पान डेकला हवंच असेल तर ते एकटं घालून चालायचं नाही. खेळात जळण सोडलं तर एका पानाच्या जास्तीत जास्त चार प्रती चालतात. बाई म्हणायच्या, चारही घाल, नाहीतर घालू नको. "एकच घातलंस तर ते पान तुझं न्हवं, आलं तर देवाचं." मग ते पान आणून देणारे हरकामी किती, ते बघायचे. मग जळण मोजायचं. मग सगळ्यात महागडं पान काढून बाजूला ठेवायचं आणि त्याच्याशिवाय खेळून बघायचं. त्याच्याशिवाय डेक लुळा पडला तर तो डेक नव्हे, त्या पानाची पालखी.

एक सवलत होती. प्रत्येकाला डेकमध्ये एक लाडाचं पान ठेवता यायचं, उपयोगाचं नसलं तरी. आठवीतली एक मुलगी एक कासव ठेवायची, ते काही करायचं नाही, नुसतं गोड होतं. मी म्हटलं, "बाई, हे कसं चालतं तुम्हाला?" बाई म्हणाल्या, "एक लाडाचं असावं. न्हायतर खेळायचं कशाला? दोन झाली की घर बुडालं."

त्यांचा स्वतःचा डेक पोरांनी नको म्हणून टाकलेल्या पानांचा होता. कोपरे दुमडलेले, एकावर शाईचा डाग. जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात असायचा, त्यामुळं त्याला शेंगदाण्याच्या चटणीचा वास यायचा आणि समोरच्याला भूक लागायची. हा डेक भारी म्हणता यायचा नाही. पण मी माझ्या बेंगळुरी पानांनी त्याच्याशी जितके डाव खेळलो त्यातला एकही सहज जिंकलो नाही. काहीही पानं येवोत, बाई काहीतरी करून उभ्याच असायच्या.

पुढं हेडसरांच्या परवानगीनं शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत कार्डांचा क्लब सुरू झाला. किल्ली बाईंकडं. गणितात कायम गटांगळ्या खाणारी पोरं तिथं बसून जळणाचं प्रमाण काढायची, आणि बाई मधून फिरत कुणाच्या डेकवर बोट ठेवून "हे कशाला?" एवढंच विचारायच्या. पोर स्वतःच उत्तर शोधायचं. मी खूप मास्तर बघितले, त्यांच्या पोटात दुखेल म्हणून सांगत नाही, पण त्या दोन शब्दांत जेवढं शिकवणं होतं तेवढं आमच्या अख्ख्या स्टाफरूममध्ये नव्हतं.

आणि बाईंच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिलेले असताना तक्रार आली.

कासव ठेवणाऱ्या त्या मुलीची आई आली होती. शाळेच्या पुढच्याच गल्लीत राहायची, दुसऱ्यांच्या मागावर कामाला जायची. एके काळी तिच्या घरात स्वतःचा माग होता, तो नवऱ्यानं तीन पानीत घालवला, हे सगळ्या वडगावला ठाऊक. नवरा आता नाही. मुलीच्या दप्तरात पत्ते सापडले आणि ते शाळेत बाईच शिकवतात हे कळलं, तेव्हा ती हेडसरांकडं गेलीच नाही, थेट चेअरमनकडं गेली. संस्थेच्या चेअरमनना सगळे आप्पा म्हणतात. साडीचे व्यापारी, घरचे पॉवरलूम, पण लहानपण हातमागावर गेलेलं. सरळ माणूस. त्यांनी त्याच दिवशी शिपाई पाठवून प्रयोगशाळेची किल्ली मागवून घेतली आणि बाईंना शनिवारी कमिटीपुढं बोलावलं.

गावाला तेवढं पुरलं. गणिताची बाई पोरांना जुगार शिकवते, असं मीच चहाच्या टपरीवर ऐकलं. मला इतका संताप आला की चहा तसाच ठेवून निघालो. सगळी हयात जिनं या वस्तीतल्या पोरांना शिकवण्यात घालवली, तिला जाताना हे नाव मिळणार. मी बाईंना म्हटलं, "तुम्ही बोलू नका, मी बोलतो. हा खेळ जगभर खेळतात, मोठ्या स्पर्धा होतात, सगळं छापून नेतो." बाई म्हणाल्या, "जगाचं आप्पांना काय करायचंय? तू तुझा डेक घेऊन ये."

शनिवारी हेडसरांच्या खोलीत आप्पा, कमिटीतले तिघेचौघे, हेडसर, मी, बाई. ती आई दाराजवळच्या खुर्चीवर पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसलेली. कुणाकडं बघत नव्हती.

आप्पा म्हणाले, "बाई, तुमचा मान हाय आमाला. माझा थोरला तुमच्याच हाताखाली शिकला. पण एकच सांगा. पानं पिसायची, वाटायची, आणि ज्याला चांगली लागली तो जिकला. व्हय का न्हाय? मग ह्यात आणि त्यात फरक काय?"

"जुगारात माणूस पानांच्या ताब्यात असतोय, आप्पा. हितं पानं माणसाच्या ताब्यात असतात. तोंडानं सांगून पटायचं न्हाय. सरांचा डेक बेळगावात नंबर एक हाय. माझा पोरांनी टाकलेल्या पानांचा. पानं तुम्ही पिसा. कशीबी आली तरी माझा डेक लढत देतो का न्हाय, ते बघा. लगेच आडवा झाला तर क्लब बंद, मी स्वतः फळ्यावर लिहिते की माझी चूक झाली."

पाच मिनिटांच्या खेळावर कुणी आपलं नाव पणाला लावतं का? पण बाईंनी डबा उघडून डेक काढून आप्पांपुढं ठेवलासुद्धा. कुठलं पान जळण, कुठला गडी, कुठला हरकामी, ते आप्पांना समजावून सांगितलं.

आप्पांनी पानं पिसली. जाड बोटं, पण सवय असल्यासारखी चालली. मग ती सरळ करून ठेवण्याऐवजी त्यांनी पानांचा पंखा केला, चित्रं स्वतःकडं करून, आणि कपाळाला आठी घातली. "हे नीट मिसळलं न्हाय की. हितं बघा, चार जळणं एका जागी आल्यात. आणि हितं नुसते गडी." आणि ते दुरुस्त करायला लागले. एक जळण इथून काढून तिथं, दोन गड्यांच्या मध्ये हरकामी, पुन्हा जळण. सगळी कमिटी मान पुढं काढून बघत होती. त्यातले निम्मे मागावर वाढलेले. कापडात धागा एका जागी गोळा झाला की तो दोष, तो मोडून सारखा करायचा, हे त्यांच्या बोटांतच होतं. एकानं बोट दाखवून सांगितलं, "आप्पा, खाली बी तीन चिकटल्यात बघा." आप्पांनी तीही सोडवली. शेवटी समाधानानं म्हणाले, "हां. आता झालं एकसारखं. कुणावर अन्याय न्हाय."

मी मनातल्या मनात नाचत होतो. त्यांनी प्रामाणिकपणानं, अगदी न्याय म्हणून, बाईंचा डेक असा लावून दिला होता की वाईट पानं यायची शक्यताच उरली नव्हती. कुठूनही सलग सात घ्या, दोन-तीन जळण, दोन-तीन गडी, हरकामी, पंगतीत वाढल्यासारखं. आणि हे बाईंनी मागितलंही नव्हतं. चेअरमननं स्वतःच्या हातानं केलं होतं, सगळ्यांसमक्ष. बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. माझ्या डेकला त्यांनी हातही लावला नव्हता, तो मीच पिसून ठेवला होता.

बाईंनी डेक हातात घेतला, वरच्या पानावर अंगठा ठेवला आणि थांबल्या.

"आप्पा, हे पिसणं न्हवं. हे तुम्ही विणलासा."

"म्हंजे काय चुकलं?"

"पिसलेल्या पानांत गाठी पडतात. चार जळणं एका जागी येतात, ते खरं पिसणं. तुम्ही गाठी सोडवलासा, आता मला चांगलीच पानं येणार. माझा फायदा झालाय ह्यात. हे मला चालत न्हाय."

"अवो, पण मी मुद्दाम न्हाय केलं."

"म्हायत हाय मला. म्हणूनच सांगायले."

आणि बाईंनी साठच्या साठ पानं टेबलावर पालथी पसरली आणि दोन्ही हातांनी कणीक मळावी तशी फिरवायला लागल्या. मग गोळा केली, आप्पांना मधून कापायला सांगितली आणि वरची सात काढली. हातात धरलीच नाहीत. टेबलावर उलटी करून सगळ्यांना दाखवली, मलासुद्धा, म्हणजे समोरच्या खेळाडूला.

जळण, जळण, जळण, जळण, जळण, जळण. आणि एक हरकामी.

नुसतं जळण, लढायला एकही गडी नाही. हेडसरांनी हळूच विचारलं, हे चांगलं का वाईट? मी म्हटलं, "बाई, नियमात आहे, अशी पानं एकदा बदलून घेता येतात." खरंच आहे तसा नियम, मी पदरचं सांगत नव्हतो.

"नियम असू दे. ही आल्यात न्हवं? ह्यांच्यावरच खेळते." मग माझ्याकडं बघून, "आणि सर, मुद्दाम सोडलासा तर गाठ माझ्याशी हाय."

मी सोडलं नाही. सोडलं असतं तर त्यांना पहिल्याच पाळीत कळलं असतं. माझी पानं झकास होती. तिसऱ्या पाळीला सोनेरी सर्प उतरला, कमिटीनं माना पुढं काढल्या. बाईंकडं टेबलावर नुसतं जळण. त्यांनी हरकाम्याला बोलावलं, हातातली दोन जळणं टाकून दोन नवी पानं घेतली, त्यातून एक किरकोळ गडी निघाला. तो सर्पापुढं घातला, तो मेला. दुसरा घातला. तोवर हरकाम्यानं तिसरा गडी आणून दिला. मी मारत होतो आणि त्या उभ्या होत्या. मधेच माझं जळण अडलं आणि दोन पाळ्या मी नुसता बघत बसलो, तेवढ्यात बाईंनी तीन गडी उतरवले आणि माझ्यावर चाल केली. खुर्च्या टेबलाजवळ सरकल्या. आप्पा चष्मा कपाळावर सारून "आता? आता काय करणार?" असं कुणाला तरी विचारत होते. सर्प जखमी झाला, आणखी एका घावात गेला असता. मग मला हवं होतं ते जळणाचं पान आलं.

बाई हरल्या.

त्यांनी आपली पानं मिटली. "हरले. पण सरांना लई राबवलं," म्हणाल्या. आवाजात खंत नव्हती, खरंच नव्हती. मला मात्र जिंकल्याची इतकी लाज वाटत होती की मान वर करवेना.

कमिटीतला एक जण खाकरून म्हणाला, "लढत दिली, ते खरं. पण शेवटी सरांना पान लागलं आणि बाई हरल्या. म्हंजे नशीबच की आप्पा." आप्पांनी बाईंकडं बघितलं. बाईंनी उत्तर द्यायला मान वर केली.

तेवढ्यात दाराजवळची ती आई उठून उभी राहिली.

"आप्पा, मी बोलू का? मला ह्यातलं जळण-गडी काय कळलं न्हाय. पण जुगार मला कुणी शिकवू नका. घरात बघितलाय. आमच्या मालकांना चांगली पानं लागली की ते देवाला हात जोडायचे आणि वाईट आली की वाटणाऱ्याला शिव्या द्यायचे. माग गेला त्या दिवशी सुदिक म्हणत हुते, पानं बदलून मिळाली असती तर." तिनं पदर नीट केला. "ह्या बाईंनी काय केलं? तुम्ही लावून दिलेली चांगली पानं परत केली. आणि वाईट आली ती बदलून मिळत हुती, ती ठेवून घेतली. हरल्या आणि कुणाला काय बोलल्या न्हाईत. असलं माणूस आमच्या घरात एकदा जरी येऊन बसलं असतं तर." मग तिनं पहिल्यांदाच बाईंकडं बघितलं. "माझी तक्रार न्हाय. पोरीला ह्यांच्याच हाताखाली असू दे."

सगळ्या वडगावला उत्तरं देणारी बाई, नुसती मान हलवत राहिली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. आप्पांनी खिशातून प्रयोगशाळेची किल्ली काढून टेबलावरून त्यांच्याकडं सरकवली.